ठिपक्या-ठिपक्यांतून दिसणारा आजार

"तुकडा काढून तपासायला पाठवलाय." आपल्या भागात हे वाक्य ऐकलं की घरातल्या बायकांचे चेहरेच उतरतात. कुणाच्या छातीत गाठ लागलेली असते, कुणाच्या तोंडात न भरणारी जखम असते. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट आल्यावर बघू. मग सुरू होतं वाट बघणं. स्वयंपाक होतो, डबे भरले जातात, जनावरांचं चारापाणी होतं, पण लक्ष सगळं त्या एका कागदाकडे लागलेलं. मैत्रिणींनो, त्या इवल्याशा तुकड्याचं पुढे काय होतं, याचा विचार कधी केलाय तुम्ही?

मला हा प्रश्न पडला तो माझ्या आत्यामुळे. आत्या पहाटे उठायची, चूल पेटवायची आणि तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी हिरड्यांना लावून बसायची. "त्याशिवाय पोट साफ होत नाही गं," हे तिचं ठरलेलं उत्तर. पुढे गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आला, मग जखम झाली. उष्णतेनं आलं असेल म्हणून ती तूप लावत राहिली, कुणाला बोलली नाही. तोंड नीट उघडेना, घास जाईना, तेव्हा दवाखाना झाला. तोवर फार उशीर झाला होता. तिच्या तुकड्याचा रिपोर्ट आला तेव्हा मी तो वाचला. दोन ओळी होत्या. त्या दोन ओळींच्या मागे केवढं शास्त्र आहे, हे मला खूप नंतर वाचून कळलं. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

नेहमीच्या पद्धतीत तुकड्याचा अतिशय पातळ काप काढतात, त्याला गुलाबी-जांभळा रंग देतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा आकार, ठेवण बघतात. अनुभवी डोळ्याची ही किमया शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली आहे आणि आजही निदान तिच्यावरच होतं. पण काही शास्त्रज्ञांनी वेगळाच प्रश्न विचारला. पेशी दिसते कशी हे कळलं, पण तिच्या आत काय काय भरलंय आणि नेमकं कुठे भरलंय, हे बघता येईल का?

या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या तंत्राचं नाव भारदस्त आहे, मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग. नाव ऐकून पान उलटू नका हं! यातली निम्मी कल्पना तुम्हाला खळ्यावर भेटलेली आहे आणि उरलेली अंगणात.

आधी खळं. उफणणी करताना आपण काय करतो? सूप उंच धरून धान्य वाऱ्यावर सोडतो. वारा सगळ्यांना सारखाच, पण हलका भुसा लांब जातो आणि जड दाणा पायाशी पडतो. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र असंच काम करतं. पदार्थातल्या रेणूंना ते विजेचा भार देतं आणि हवा काढून घेतलेल्या नळीतून पळवतं. ढकलणं सगळ्यांना सारखं. हलका रेणू आधी पोचतो, जड मागून. पोचायला किती वेळ लागला यावरून त्याचं वजन कळतं आणि वजनावरून बऱ्याचदा त्याची ओळख पटते. इंग्लंडच्या फ्रान्सिस ॲस्टन यांनी असं वजन करणारं यंत्र 1919 मध्ये तयार केलं. रेणूंना पळवण्याच्या आणि मोजण्याच्या रीती पुढे अनेक निघाल्या, पण मूळ कल्पना ही.

आता अंगण. ठिपक्यांची रांगोळी आपण कशी काढतो? आधी ओळीनं ठिपके, मग रंग. इमेजिंगमध्ये तुकड्याचा केसाहूनही पातळ काप काचेवर ठेवतात आणि त्यावर मनातल्या मनात ठिपक्यांची जाळी आखतात. लेझरचा बारीक झोत एकेका ठिपक्यावर पडतो, तिथले रेणू उडतात, यंत्र त्यांची वजनं नोंदवतं. मग पुढचा ठिपका. असे हजारो ठिपके! शेवटी संगणकाला विचारायचं, "अमुक वजनाचा रेणू कुठे कुठे आहे, तिथे रंग भर." एकाच कापातून अशा शेकडो रांगोळ्या निघतात. एकीत कर्करोगाचा भाग उठून दिसतो, दुसरीत निरोगी कड स्पष्ट होते, तिसरीत दिलेलं औषध नेमकं कुठवर पोचलं ते दिसतं.

हे सारं एका माणसाच्या डोक्यातून एका रात्रीत आलेलं नाही, आणि मला याचंच जास्त कौतुक वाटतं. प्रथिनांसारखे मोठे, नाजूक रेणू न तोडता उडवायचे कसे, इथेच घोडं अडलं होतं. जपानच्या क्योटोमधल्या शिमाद्झू कंपनीत कोइची तनाका नावाचे तरुण इंजिनिअर होते. 1985 मध्ये त्यांच्या हातून कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन पडलं. भुकटी महागाची, टाकून देणं जिवावर आलं. वाया का घालवायची म्हणून त्यांनी ते मिश्रण तसंच वापरून बघितलं आणि मोठा रेणू अख्खा उडालेला दिसला! पीएच.डी. नसलेल्या, कंपनीत नोकरी करणाऱ्या या माणसाला 2002 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला, तेव्हा त्यांचं वय होतं 43. काटकसर आपल्या बायकांच्या अंगातच असते, नाही का?

पुढे 1997 मध्ये अमेरिकेतले रिचर्ड कॅप्रिओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझर वापरून पेशीसमूहाचे असे नकाशे काढून दाखवले. 2004 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्रॅहम कुक्स यांच्या गटानं लेझरऐवजी भारित थेंबांचा फवारा वापरला, त्यामुळे काप बंद पोकळीत न ठेवता उघड्यावर तपासता येऊ लागला. त्यांच्याच हाताखाली शिकलेली ब्राझीलची मुलगी, लिव्हिया एबरलिन. तिनं टेक्सासमध्ये आपल्या गटाबरोबर पेनासारखं साधन बनवलं. शस्त्रक्रियेच्या वेळी ते शरीराला टेकवायचं, पाण्याचा एक थेंब तिथे काही सेकंद राहतो, तिथले रेणू उचलतो आणि यंत्राकडे जातो. "हा भाग कर्करोगाचा की निरोगी?" उत्तर दहा-एक सेकंदांत! 2017 मध्ये त्यांनी 253 नमुन्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, 96 टक्क्यांहून अधिक उत्तरं बरोबर होती. विचार करा, स्तनाची गाठ काढताना कड स्वच्छ झाली की नाही हे तिथल्या तिथे कळलं, तर बाईला दुसऱ्यांदा टेबलावर झोपायला नको.

"हे झालं परदेशातलं, आपल्याकडे काय?" असं तुम्ही विचारणार, ठाऊक आहे मला. आपल्याकडेही माणसं आहेत, आणि आपल्या जवळ आहेत.

टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे, ॲक्ट्रेक. तिथल्या डॉ. सुरेखा झिंगडे, डॉ. रुक्मिणी गोवेकर आणि सहकाऱ्यांनी गाल आणि हिरडीच्या कर्करोगावर काम केलं. हो, तंबाखूवाल्या आपल्या देशात घरोघरी माहीत असलेला तोच कर्करोग. त्यांचा विचार बघा. घरात चोर शिरला की कुत्रं भुंकतं, तसं गाठ वाढू लागली की शरीर तिच्यातल्या काही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. रुग्णांच्या रक्तातली ही प्रतिपिंडं गाठीतल्या कोणत्या प्रथिनांवर भुंकतात, हे त्यांनी शोधलं आणि ती प्रथिनं कोणती, हे मास स्पेक्ट्रोमीटरनं ओळखलं. अल्फा-इनोलेज, एचएसपी-70 अशी नावं त्यातून पुढे आली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे डॉ. रवी सिरदेशमुख यांच्यासारखे प्रथिनांचे अभ्यासक होते आणि टाटा रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. अनिल डिक्रूझही. म्हणजे एका कामासाठी किती घरची माणसं एकत्र आली बघा!

कारण हे काम एकट्यादुकट्याचं नाहीच. गाठ काढणारा डॉक्टर वेगळा, काप बघणारा पॅथॉलॉजिस्ट वेगळा, यंत्र चालवणारी रसायनशास्त्रज्ञ वेगळी आणि त्या ढीगभर आकड्यांमधून अर्थ काढणारा संगणकवाला वेगळा. यंत्राची किंमत कोटींच्या घरात. प्रत्येकानं आपापली चूल मांडायची म्हटलं तर कुणाचाच स्वयंपाक व्हायचा नाही. गाव करी ते राव न करी, ही म्हण प्रयोगशाळेतही लागू पडते. म्हणूनच मास स्पेक्ट्रोमेट्री करणाऱ्यांची भारतीय संघटना 1978 मध्येच मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्रात उभी राहिली. प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्यांची वेगळी संस्था 2009 मध्ये निघाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएच.डी. केलेले डॉ. शिबदास बॅनर्जी पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, तिथे प्रोस्टेटच्या कर्करोगाचे असे रेणूंचे नकाशे काढले आणि परत येऊन तिरुपतीच्या आयसर संस्थेत स्वतःचा गट उभा केला. पवईच्या आयआयटीत डॉ. संजीव श्रीवास्तव यांचा गट आहे. 2018 मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल कर्करोगाच्या प्रथिनांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात सामील झाले. सुरुवातीला कोणते कर्करोग निवडले असतील? स्तनाचा, गर्भाशयमुखाचा आणि तोंडाचा. तिन्ही आपल्याच दाराशी येणारे!

आपला जिल्हा तर या यंत्राला दुसऱ्या वाटेनं केव्हाच ओळखतो. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, 1968 पासूनचं. कीटकनाशकांचे अंश तपासायचे म्हणजे हेच शास्त्र लागतं. श्रीगोंद्याची द्राक्षं असोत की संगमनेरचं डाळिंब, परदेशी जायचं तर फळात औषधाचा अंश किती, हे मास स्पेक्ट्रोमीटर सांगतो. युरोपात ज्या औषधांसाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्यांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे किती? शंभर टन उसात एक ग्रॅम! 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपल्या देशातली द्राक्षं युरोपात अडली, तेव्हा बागायतदारांच्या घरात काय अवस्था होती ते बागेत काम करणाऱ्या बायकांना विचारा. जे यंत्र द्राक्षाच्या मण्यातला कण पकडतं, त्याच जातीचं यंत्र गालातल्या पेशीचा बदल पकडतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, उगीच आशेला लावणार नाही. हे इमेजिंग मुख्यतः संशोधनाच्या प्रयोगशाळांत चालतं. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन "माझा तुकडा या यंत्रावर तपासा" असं म्हणायची सोय नाही. कुणी तशी जाहिरात करून पैसे मागितले तर आधी मोठ्या रुग्णालयात चौकशी करा. शास्त्र आपल्या दारात यायला वेळ लागेल. तोवर जे दारात आहे ते तरी आपण वापरतो का?

तीस वर्षांवरच्या बायकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, तेव्हा "मला काही होत नाही" म्हणून त्यांना परत पाठवू नका. महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन तोंड उघडून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, तिखट अजिबात न सोसणं, यातलं काहीही असलं तर तूप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मिसरी? ती सोडाच. "सवय आहे" म्हणणाऱ्या सासूबाईंना रागावून उपयोग नाही, त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत चालत जा.

आणखी एक. तुमची लेक बारावी सायन्सला असेल, बी.एस्सी. करत असेल, तर "रसायनशास्त्र घेऊन काय करणार, डी.एड. कर" असं म्हणण्याआधी थांबा. आयआयटीच्या डॉ. श्रीवास्तवांचे प्रोटिओमिक्सचे अभ्यासक्रम सरकारच्या 'स्वयम'वर आलेले आहेत, मोबाइलवर बघता येतात. व्हिडिओ बघायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तर तेवढी फी भरायची. पुण्याला, राहुरीला, मुंबईला या यंत्रांवर काम करणारी माणसं लागतात. त्यात आपल्या अकोल्याची, पाथर्डीची, जामखेडची मुलगी का नसावी? लहानपणापासून ठिपके जुळवत आलेल्या हातांना चिकाटी शिकवावी लागत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात दोनच कामं करा. घरातल्या ज्या बाईनं तोंडातला चट्टा लपवलाय, तिला बोलतं करा. आणि लेकीला विचारा, "तुला पुढे काय शिकायचंय?" उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू मात्र नका!