प्रकाशीय वर्णपट विश्लेषकातील विभेदनाची निवड व मापनाचा अर्थ

दि. 18 ऑगस्ट 1868 रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातील विजयदुर्गावरून गेला होता. त्या ग्रहणात सूर्यज्वालांच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा अनेक निरीक्षकांनी सोडियमची मानली. नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून (आपल्याकडे समजले जाते तसे विजयदुर्गावरून नव्हे) ती रेषा निराळी असल्याचे दाखविले. सोडियमच्या रेषा 589.0 व 589.6 नॅनोमीटरला, तर ही 587.6 ला. पुढे ती हेलियमची ठरली. प्रश्न अवघ्या दीड नॅनोमीटरच्या विभेदनाचा होता.

आर्वीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही पदवीचे विद्यार्थी सोडियमचा दिवा व ग्रेटिंग घेऊन हाच धडा गिरवितात. फट रुंद ठेवली की जोडरेषा एकच भासते. वर्णपट विश्लेषकात ग्रेटिंग फिरते आणि फटीतून तरंगलांबीचा एक अरुंद पट्टा शोधकापर्यंत पोहोचतो. या पट्ट्याची रुंदी म्हणजेच निवडलेले विभेदन. म्हणून आलेखावरील प्रत्येक बिंदू हा त्या एका तरंगलांबीची शक्ती दर्शवीत नाही. तो संपूर्ण पट्ट्यात सामावलेल्या शक्तीची बेरीज दर्शवितो.

1550 नॅनोमीटरच्या लेसरची रुंदी 1 मेगाहर्ट्झ असेल, तर ती नॅनोमीटरच्या एक लक्षांश भागाहूनही कमी भरते. विभेदन 0.05 नॅनोमीटर असता पडद्यावर दिसणारी रुंदी उपकरणाची असते, लेसरची नव्हे. शिखराची उंची मात्र खरी, कारण सारी शक्ती फटीत मावते. पार्श्वभूमीवरील गोंगाटाचे तसे नाही. तो सर्वत्र पसरलेला असल्याने फटीच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. विभेदन 0.1 वरून 1 नॅनोमीटर केले की शिखर तेवढेच राहते, गोंगाट 10 डेसिबलने चढतो आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर 30 चे 20 डेसिबल दिसू लागते. तंतूत काहीच बिघडलेले नसते! याच कारणास्तव हे गुणोत्तर 0.1 नॅनोमीटर या संदर्भरुंदीला सांगण्याचा प्रघात आहे. विभेदन न नोंदविलेला आकडा तुलनेस निरुपयोगी होय.

मग फट सदैव अरुंदच का ठेवू नये? सेकंदाला 32 अब्ज चिन्हे वाहणारा संकेत स्वतःच सुमारे 0.26 नॅनोमीटर पसरतो. 0.1 च्या फटीत त्याचा मोठा भाग बाहेर राहून शिखर सुमारे 4 डेसिबलने कमी वाचले जाते. शिवाय, 100 नॅनोमीटरचा पल्ला 501 बिंदूंत मोजला तर दोन बिंदूंतील अंतर 0.2 नॅनोमीटर होते, 0.05 ची फट असता एखादी अरुंद रेषा दोन बिंदूंच्या मध्येच निसटते आणि आलेखावर तिचा मागमूसही उरत नाही.