कानाला दडे का बसतात?

विसर्जनाची मिरवणूक बघून घरी आलात की आई विचारते, "वाढू का जेवायला?" आणि तुम्ही ओरडता, "काऽय?" कानाला दडे बसलेले असतात. वर आत कुठेतरी 'कुंईंऽऽ' असा बारीक सूर चालूच! ढोल तर केव्हाच थांबले. मग हा आवाज येतो कुठून?

चला, कानात शिरू या. पडद्याच्या पलीकडे तीन चिमुकली हाडं. त्यांच्याही पलीकडे शंखासारखी वळत गेलेली, द्रवाने भरलेली नळी. हिचं नाव कर्णावर्त. तिच्यात सुमारे 15,000 केसपेशी असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुबका. आवाज आला की द्रव हलतो, झुबके लवतात आणि केसपेशी शेजारच्या मज्जातंतूच्या टोकावर एक रसायन सोडते. लगेच मेंदूला वर्दी जाते: टाळ वाजला!

आता ताशांचा कडकडाट आणि डीजेचा दणदणाट तासन्‌तास चालला तर? झुबके मलूल होतात. रसायन इतकं सांडतं की मज्जातंतूंची टोकं चक्क सुजतात. वर्दी नीट पोचत नाही, म्हणून दडे. आणि ती 'कुंईं'? बाहेर तसा आवाज नसतोच! कानाकडून येणाऱ्या वर्द्या कमी झाल्या, की मेंदू आतल्या आत स्वतःचीच कुजबुज मोठी करून ऐकू लागतो, असं शास्त्रज्ञांना वाटतं. केवढं अजब आहे हे!

रात्रभर झोपलं की बहुतेक वेळा कान मोकळे होतात. पण म्हणजे सगळं ठीक झालं का? 2009 साली अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी उंदरांना पहिल्यासारखं ऐकू येऊ लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वेगळंच दिसलं. उंच स्वर टिपणाऱ्या भागात केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे जवळजवळ निम्मे सांधे कायमचे तुटले होते.

कोंबडीच्या केसपेशी मेल्या तर तिला नव्या उगवतात. आपल्याला नाही उगवत. म्हणून पुढच्या मिरवणुकीत नाचा, लेझीम खेळा, पण स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहू नका. कानात फोमचे बोळे घाला, मधून मधून शेजारच्या शांत गल्लीत जाऊन या. आणि धाकटं भावंड बरोबर असेल, तर त्यालाही घेऊन जा.