उमेदवारीची परदेशवाट

पहाटेची पहिली लोकल सुटण्याआधीच बदलापूर आणि अंबरनाथच्या फलाटांवर माणसांची वर्दळ सुरू होते. कोणी मुंबईच्या कचेरीत, कोणी ठाण्याच्या कारखान्यात, तर कोणी महाविद्यालयात जाण्यासाठी निघालेले असते. मुंबईपासून लोहमार्गाने अंबरनाथ सुमारे ६० आणि बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. विद्येसाठी आणि पोटासाठी रोज एवढे अंतर तोडणे येथील तरुणांच्या अंगवळणी पडले आहे. अलीकडे मात्र उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील अनेक घरांतून याहून कितीतरी लांबच्या प्रवासाची चर्चा कानी येते. महाविद्यालयीन शिक्षण चालू असतानाच उन्हाळ्याचे दोन-तीन महिने परदेशातील एखाद्या मोठ्या शहरात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करावे, ही ती आकांक्षा होय.

या प्रकारच्या प्रशिक्षणाला लोक ‘इंटर्नशिप’ म्हणतात. शासकीय परिभाषेत त्यासाठी ‘आंतरवासिता’ हा शब्द आहे. परंतु मराठीत त्याहून जुना आणि अर्थपूर्ण शब्द रूढ आहे, तो म्हणजे उमेदवारी. पूर्वी कचेरीत किंवा पेढीवर बिनपगारी अथवा अल्प वेतनावर राहून काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत. उमेद धरून राहणारा, तो उमेदवार. परदेशातील प्रशिक्षणाचे मर्मही हेच आहे. ही नोकरी नव्हे आणि सहलही नव्हे. ही मुदतीची शिकाऊ उमेदवारी आहे, एवढे ध्यानात घेतले तर तिच्याविषयीचे पुष्कळ गैरसमज दूर होतील.

परंपरा नवी नाही

या परिसराला परदेशाशी येणारा संबंध नवा नाही. स्वीडिश कंपनीने १९२३ मध्ये स्थापन केलेल्या ‘विमको’चा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला आणि परदेशी तंत्र येथील कामगारांच्या हाती आले. पुढे दारूगोळा कारखाना, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती यांमुळे अंबरनाथ ही कुशल कारागिरांची नगरी बनली.

उल्हासनगरची कथा निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कँप या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला आणि १९४९ मध्ये या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. या समाजाच्या पूर्वेतिहासात परदेशातील उमेदवारीची एक ठळक पद्धती आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सिंधमधील हैदराबादच्या ‘सिंधवर्की’ पेढ्या कोबे, हाँगकाँग, माल्टा, जिब्राल्टर, पनामा अशा दूरच्या बंदरांत पसरल्या होत्या. आपल्या गावातील होतकरू मुलांना या पेढ्या अडीच ते तीन वर्षांच्या करारावर तिकडे नेत. राहण्याजेवणाची सोय पेढीकडे असे आणि मुदत संपली की माणूस काही महिन्यांसाठी घरी परते. कराराची मुदत, निवास, भोजन आणि परतीचा प्रवास या चार गोष्टी आधीच ठरलेल्या असत. आजच्या प्रशिक्षणार्थ्यानेही निघण्यापूर्वी नेमके हेच चार प्रश्न विचारावयाचे असतात.

शेजारच्या कल्याणमध्ये १८६५ मध्ये जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथून वैद्यकाची पदवी घेऊन मायदेशी आल्या. पण परक्या हवेत आणि न मानवणाऱ्या परिस्थितीत त्यांची प्रकृती ढासळली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, क्षयाने त्यांचा अंत झाला. परदेशी शिकावयास जाणाऱ्याच्या जिद्दीला ऊब, आहार आणि औषधपाणी यांची जोड हवी, हा त्या जीवनाचा धडा आजही तितकाच खरा आहे.

उन्हाळा त्यांचा, पावसाळा आपला

पहिली अडचण पंचांगाची आहे. युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांची उन्हाळी सुटी मुख्यतः जून ते ऑगस्ट या महिन्यांत पडते आणि प्रशिक्षणाच्या बहुसंख्य जागा त्याच काळासाठी असतात. आपल्याकडे उन्हाळ्याची सुटी एप्रिल-मे महिन्यांत असते. जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि त्याच सुमारास नवे शैक्षणिक वर्षही उघडते. साहजिकच जुलैअखेर परतणाऱ्या विद्यार्थ्याची सत्राच्या आरंभीची उपस्थिती बुडते. कधी परीक्षा लांबते आणि परदेशातील रुजू होण्याची तारीख हुकते.

म्हणून निवड झाल्यानंतर धावपळ करण्याऐवजी आदल्या वर्षाच्या पावसाळ्यापासून तयारीस लागणे श्रेयस्कर ठरते. पासपोर्ट काढणे, गुणपत्रके व शिफारसपत्रे मिळवणे, महाविद्यालयाची लेखी अनुमती घेणे आणि या कामाचे श्रेयांक पदवीसाठी धरले जातील किंवा नाही याची खात्री करणे, ही कामे दिवाळीपूर्वी उरकलेली असावीत. आधारपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रक यांवरील नावांत एका अक्षराचा फरक असला तरी ऐनवेळी खोळंबा होतो. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो.

मार्ग कोणते?

परदेशी प्रशिक्षणाचे स्थूलमानाने तीन मार्ग आहेत. पहिला, विद्यार्थी-विनिमयाचा. तांत्रिक शाखांतील विद्यार्थ्यांच्या परस्पर देवाणघेवाणीसाठी १९४८ मध्ये ‘आयएईएसटीई’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. एका देशाने दुसऱ्याच्या विद्यार्थ्यास काम द्यावे आणि त्या बदल्यात आपल्या विद्यार्थ्यासाठी जागा मिळवावी, हे तिचे सूत्र आहे. महायुद्धाने दुरावलेल्या राष्ट्रांतील तरुण एकमेकांस ओळखू लागावेत, हा तिच्यामागील हेतू होता. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेनेही भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन प्रयोगशाळांत दोन-तीन महिने काम करण्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. येथे निवड कडक असते.

दुसरा मार्ग, परदेशातील संस्थेकडे थेट अर्ज करून जागा मिळवण्याचा. यात त्या त्या देशाचे नियम काटेकोरपणे पाळावे लागतात. अमेरिकेत अशा प्रशिक्षणासाठी ‘जे-१’ हा विनिमय व्हिसा लागतो. त्यासाठी तेथील शासनाने मान्य केलेल्या पुरस्कर्त्या संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक असते. काय शिकवले जाईल, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती काळ, याची लेखी योजना तयार करून तिच्यावर प्रशिक्षणार्थी, पुरस्कर्ता आणि काम देणारी संस्था यांच्या सह्या व्हाव्या लागतात. कोणत्याही देशात जाणाऱ्याने अशी योजना मागून घ्यावी. जेथे ती देण्यास टाळाटाळ होते, तेथे शिकवण्याऐवजी राबवून घेण्याचाच मनसुबा असण्याचा संभव अधिक.

तिसरा मार्ग दीर्घ मुदतीच्या तांत्रिक प्रशिक्षणाचा. जपानने १९९३ मध्ये सुरू केलेल्या तांत्रिक प्रशिक्षण कार्यक्रमाबाबत भारताने २०१७ मध्ये त्या देशाशी सहकार्याचा करार केला. या कार्यक्रमात प्रशिक्षणार्थ्यांची पिळवणूक होत असल्याची टीका खुद्द जपानमध्ये झाली आणि २०२४ मध्ये तेथील संसदेने त्याच्या जागी नवी व्यवस्था आणणारा कायदा संमत केला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला आहे. हे मार्ग उन्हाळ्यापुरते नाहीत. त्यांसाठी भाषेचा पद्धतशीर अभ्यास करून काही वर्षे तिकडे राहण्याची मानसिक तयारी असावी लागते.

खर्चाचा हिशेब

परदेशी प्रशिक्षण म्हणजे परदेशी पगार, ही समजूत घातक आहे. जर्मनीचे उदाहरण बोलके आहे. १ जानेवारी २०१५ पासून तेथे किमान वेतनाचा कायदा लागू झाला. परंतु अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग म्हणून केलेले प्रशिक्षण आणि शिक्षण चालू असताना तीन महिन्यांपर्यंतचे ऐच्छिक प्रशिक्षण त्यातून वगळण्यात आले. अर्थात दोन-तीन महिन्यांच्या उमेदवारीत विद्यावेतन मिळेलच, अशी कायद्याची हमी तेथे नाही.

मोठ्या शहरातील सर्वांत मोठा खर्च खोलीभाड्याचा असतो. त्याखेरीज विमानभाडे, व्हिसा शुल्क, आरोग्य विमा, स्थानिक प्रवास आणि पहिल्या महिन्याची अनामत रक्कम यांचा विचार करावा लागतो. विद्यावेतन मिळाले तरी ते महिनाअखेर हाती पडते. भाडे मात्र आगाऊ भरावे लागते. म्हणून कुटुंबाने कागदावर दोन रकाने आखून जमाखर्च मांडावा आणि तूट किती येते ते पाहावे. दोन महिन्यांच्या अनुभवासाठी राहते घर किंवा शेतजमीन गहाण टाकणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे, अल्पकालीन उन्हाळी प्रशिक्षणासाठी नाही, हेही विद्यार्थ्यांना वेळीच सांगणे इष्ट ठरेल.

सावधगिरी

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालास केंद्र शासनाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत दलालांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. असा दलाल उमेदवाराकडून वस्तू व सेवा कर वगळता कमाल ३०,००० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो आणि त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तथापि, विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारे शैक्षणिक सल्लागार या व्यवस्थेत मोडत नाहीत. त्यामुळे तेथे शहानिशा करण्याची जबाबदारी पालकांवर आणि शिक्षकांवर येऊन पडते.

फसवणुकीची लक्षणे बहुधा सारखीच असतात. पर्यटक व्हिसावर जा, तेथे गेल्यावर काम मिळेल, असे सांगितले जाते. करारपत्र दाखवण्यापूर्वी पैसे मागितले जातात आणि मूळ कागदपत्रे ठेवून घेतली जातात. पर्यटक व्हिसावर काम करणे हा बहुतेक देशांत नियमभंग आहे. त्याची परिणती परत पाठवणीत होते आणि पुढील प्रवेशाची दारेही बंद होऊ शकतात. करारपत्र आले की त्या संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः विचारणा करून खात्री करावी. पासपोर्टच्या प्रती घरी ठेवाव्यात आणि त्या शहरातील भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक विद्यार्थ्याने जवळ बाळगावा.

घराजवळची उमेदवारी

परदेशी जाता आले नाही म्हणजे सारे हुकले, असे मानण्याचे कारण नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये कारखान्यांत उमेदवारांना विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळते. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंत्यांनाही त्यात स्थान मिळाले. अंबरनाथ येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना हा मार्ग परिचित आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरवण्यात आले. स्थानिक कारखान्यात सहा महिने काम केलेल्या विद्यार्थ्याचा परदेशातील अर्जही अधिक वजनदार ठरतो. अंबरनाथची पायरी चढून गेलेल्यास पुढची पायरी उंच वाटत नाही.

परतीची शिदोरी

परदेशातील उन्हाळ्याचे खरे मोल परतल्यानंतर कळते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. शेजारच्या डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या कारखान्यांतील स्फोटांनी मनुष्यहानी झाली. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीला औद्योगिक सांडपाण्याने आलेली अवकळा सर्वांसमोर आहे. इटलीतील सेवेसो येथे १९७६ मध्ये विषारी वायूची गळती झाली, तेव्हा युरोपीय राष्ट्रांनी त्यापासून धडा घेऊन १९८२ मध्ये घातक रसायनांच्या कारखान्यांसाठी समाईक नियम केले. कारखान्यात कोणते रसायन किती साठवले आहे, अपघात झाल्यास काय करावयाचे आणि भोवतालच्या वस्तीला त्याची माहिती कशी द्यावयाची, हे तेथे लिहून ठेवावे लागते. बदलापूरच्या एखाद्या रसायन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने अशा कारखान्यात दोन महिने डोळसपणे काढले आणि ती शिस्त आपल्या वसाहतीत रुजवली, तर त्याचा लाभ कारखान्याच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या कुटुंबांनाही होईल.

या कामी शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. महाविद्यालयांनी परदेशी प्रशिक्षणाच्या मुदती आणि अटी वर्षारंभीच फलकावर लावाव्यात. परत आलेल्या विद्यार्थ्याचे अनुभवकथन वर्गात घडवून आणावे. त्यात त्याने खर्चाचा हिशेबही मांडावा. आसपासच्या गावांतील पंचायतींनी ग्रामसभेत पासपोर्ट, करारपत्र आणि दलालांची नोंदणी यांविषयी माहिती द्यावी, कारण फसवणुकीचा पहिला बळी बहुधा ज्याला विचारण्यास कोणी नसते तोच ठरतो. दाखल्यांवरील नावांच्या दुरुस्त्या कार्यालयांतून वेळेत झाल्या, तर एखाद्या मुलाचे वर्ष वाचेल.

उमेदवार उमेदीवर निघतो. त्याच्या हाती पक्के कागद, खिशात खर्चाची तरतूद आणि परतीचे तिकीट असेल, याची काळजी त्याच्या घराने, शाळेने आणि गावाने मिळून घेतली पाहिजे.