छायाचित्रकाराचे अवजार : विकत की भाड्याने?

फोटो स्टुडिओ हा कामगार चळवळीच्या माणसाने बोलायचा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. स्टुडिओवाला स्वतःला मालक समजतो, आणि युनियनच्या पावतीपुस्तकाकडे तो लांबूनच नमस्कार करतो, हे खरे आहे. परंतु ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात एकामागून एक कारखाने बंद पडले, तेव्हा हिशेबाची जी काही रक्कम हाती आली तिच्यातून कित्येकांनी कॅमेरा घेतला, घरातल्या एका कोपऱ्यात संगणक मांडला आणि लग्ने, मुंजी, बारशी ह्यांची छायाचित्रे काढून संसार चालवला. स्वतःच्या अवजारावर स्वतः राबणारा असा जो माणूस, त्याला मी कारागीर म्हणतो. आणि कारागिराच्या बाबतीत पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की अवजार कोणाचे?

ह्या कारागिराचा कॅमेरा त्याचा आहे, भिंगे त्याची आहेत, दिवे आणि संगणकही त्याचेच; मग ते हप्त्याने घेतलेले का असेनात. पण काढलेले छायाचित्र ज्यावर उजळायचे, कापायचे, नवऱ्या मुलीच्या कपाळावरची चमक कमी करायची, ते सॉफ्टवेअर मात्र गेल्या बारा-तेरा वर्षांत त्याच्या हातून सुटले आहे. ते कसे सुटले आणि त्यावर त्याने काय करावे, एवढाच आजचा विषय.

फोटोशॉप हे नाव आता मराठीत क्रियापदासारखे वापरतात. अमेरिकेतील थॉमस आणि जॉन नोल ह्या दोघा भावांनी ते रचले आणि ॲडोबी कंपनीने १९९० च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती बाजारात आणली. पुढे बावीस-तेवीस वर्षे त्याचा व्यवहार सरळ होता. एकरकमी पैसे द्यायचे, तबकडी घरी आणायची, ती वाटेल तितकी वर्षे वापरायची. नवी आवृत्ती निघाली आणि आवडली तर कमी पैशात ती घ्यायची. नाही आवडली तर जुनीवर काम चालू. २०१२ च्या मे महिन्यात सीएस-६ ही आवृत्ती निघाली. तिच्या पुढच्या वर्षी, ६ मे २०१३ रोजी, कंपनीने जाहीर केले की यापुढे नवी आवृत्ती विकत मिळणार नाही. दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी भरायची आणि वापरायची. जगभर ओरड झाली. हजारो लोकांनी सह्या करून निषेध कळवला. कंपनी मूळ निर्णयावरून हलली नाही, परंतु त्याच वर्षाच्या सप्टेंबरात छायाचित्रकारांसाठी फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून महिना ९.९९ डॉलरची वेगळी योजना निघाली. सह्यांचा काहीच उपयोग होत नाही म्हणणाऱ्यांनी ह्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. लाइटरूमची विकत मिळणारी शेवटची आवृत्ती सहावी, २०१५ ची. तिच्यातल्या सुधारणा २०१७ अखेर थांबल्या.

ह्या बदलाचे स्वरूप समजावून द्यायला मला ठाण्या-मुंबईच्या माणसापुढे दुसरा दाखला शोधावा लागत नाही. आपल्याला पागडी ठाऊक आहे आणि अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करारही ठाऊक आहे. पागडीत आपण एकदा मोठी रक्कम मोजतो, पण म्हणून आपण मालक होत नाही. मालक वेगळाच असतो. आपल्याला मिळतो तो राहण्याचा हक्क, आणि तो सहसा कोणी हिरावून घेऊ शकत नाही. जुन्या फोटोशॉपची तबकडी ही अशी पागडीची खोली होती. ‘माझे सॉफ्टवेअर’ असे आपण म्हणत असू, तरी कागदावर ते कंपनीचेच होते. आपल्याजवळ होता तो मुदत नसलेला परवाना. वर्गणी म्हणजे अकरा महिन्यांचा करार. भाडे थकले की कुलूप.

हे कुलूप कसे लागते तेही पाहिले पाहिजे. वर्गणीचे सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर उतरलेले असते, पण अधूनमधून ते कंपनीच्या यंत्राला इंटरनेटवरून विचारते, की ह्या माणसाची वर्गणी चालू आहे ना? उत्तर ‘नाही’ आले की फोटोशॉप काम करीत नाही. लाइटरूम क्लासिकच्या बाबतीत थोडी माणुसकी दाखवली आहे : वर्गणी संपली तरी फोटो पाहता येतात, लावून ठेवता येतात, बाहेर काढता येतात, बंद होतो तो संस्काराचा विभाग, म्हणजे ज्यासाठी ते घेतले तोच. फाइली आपल्याच राहतात, त्या कोणी नेत नाही. पण लोणच्याची बरणी आपली आणि झाकण उघडण्याचा हक्क दुसऱ्याचा, अशातला तो प्रकार होतो.

तेव्हा जो छायाचित्रकार वर्गणीकडे जातो, त्याने जुनी आवृत्ती ठेवावी की काढून टाकावी? माझे उत्तर स्पष्ट आहे : ठेवावी. मात्र ‘जुनी आवृत्ती’ ह्या दोन शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत आणि तिथे बरेच जण फसतात. एक जुनी आवृत्ती म्हणजे एकरकमी घेतलेली, सीएस-६ किंवा तिच्या आधीची. तिच्यावर आपला कायम हक्क आहे. वर्गणी सुरू केल्याने तो जात नाही आणि वर्गणी बंद केल्यानेही जात नाही. दुसरी जुनी आवृत्ती म्हणजे वर्गणीतच मिळालेली, पण दोन-चार वर्षांपूर्वीची. तिच्यावर आपला असा हक्क नाही. २०१९ च्या मे महिन्यात कंपनीने अनेक वर्गणीदारांना कळवले, की अमुक जुन्या आवृत्त्या वापरण्याचा तुमचा परवाना संपला असून त्या वापरत राहिलात तर तिसऱ्या पक्षाकडून दावा होण्याचा संभव आहे. यापुढे अलीकडच्या दोनच मोठ्या आवृत्त्या उतरवून घेता येतील. ज्यांनी नियमाने पैसे भरले होते त्यांनाच ही पत्रे गेली. भाडेकरूला घरात राहू दिले, पण माजघर बंद केले, म्हणावे तसे हे झाले.

पागडीच्या खोलीलाही धोके असतात, हे मात्र विसरू नये. इमारत पडली तर हक्क कागदावर राहतो. ॲपलच्या संगणकावर २०१९ साली आलेल्या कॅटालिना प्रणालीने बत्तीस-बिटी कार्यक्रम चालवणे बंद केले आणि तिच्यावर सीएस-६ नेटके चालेनासे झाले. जुन्या आवृत्तीलाही एकदा कंपनीकडे नोंदणी करावी लागते. २००२ च्या फोटोशॉप ७ ला नुसता क्रमांक पुरत होता, पण त्यानंतरच्या आवृत्त्यांना तो पुरत नाही. सीएस-२ आणि सीएस-३ ची नोंदणी करणारी यंत्रणा कंपनीने पुढे बंदच केली. म्हणून ज्या संगणकावर जुनी आवृत्ती नांदते आहे तो संगणक उगाच पुसू नये. पुसणे भागच असेल तर आधी तिच्या ‘हेल्प’ यादीतून नोंदणी सोडवून घ्यावी, कारण एक परवाना दोनच यंत्रांवर चालतो आणि पुसलेले यंत्रही त्या दोनांत मोजले जाते. तबकडी, क्रमांक आणि खरेदीची पावती ही तिन्ही घराच्या करारनाम्याशेजारी ठेवावीत.

दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर सुखाने नांदतात. फक्त नवी उतरवताना एक खूण आधीच केलेली असते, ‘जुन्या आवृत्त्या काढून टाका’ अशा अर्थाची. ती पुसायला विसरू नये. घाईत ‘हो, हो’ म्हणत पुढे जाणाऱ्याची अलीकडची आवृत्ती तिथेच जाते.

आता आपल्या मराठी माणसाचा खास प्रश्न. लग्नाच्या अल्बमवर, वाढदिवसाच्या फलकावर, श्रद्धांजलीच्या चौकटीत मराठी अक्षरे लागतात. जुन्या फोटोशॉपला देवनागरीची जुळणी येत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे आणि जोडाक्षराचा पाय मोडून पडे. ह्यावर आपल्या लोकांनी तोड काढली ती श्री-लिपीसारख्या टंकांची. त्यांत संगणकाला वाटते की आपण इंग्रजी अक्षरेच लिहितो आहोत. फक्त त्या अक्षरांना देवनागरीचे रूप दिलेले असते. ही तोड इतकी चांगली चालली की वीस-पंचवीस वर्षांचे काम त्याच पद्धतीने साठले. नव्या फोटोशॉपमध्ये मात्र दक्षिण आशियाई लिप्यांची सोय आहे. तिच्यामुळे युनिकोडातला मराठी मजकूर सरळ बसतो. पण तेथे जुनी फाइल उघडावी आणि तो विशिष्ट टंक यंत्रावर नसावा, तर ‘शुभविवाह’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसतो. म्हणजे जुने काम जुन्या आवृत्तीत, त्या टंकासह, आणि नवे काम नव्यात, ही विभागणी आपल्याकडे हौसेची नाही, गरजेची आहे. परदेशी पुस्तकांत हे सापडणार नाही, कारण त्यांच्या लिपीला वेलांटी नाही.

उलट दिशेने जाताना काळजी जास्त. नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुनीत उघडते, पण नव्या युक्त्यांनी घातलेले थर तिला कळतीलच असे नाही. लाइटरूमची नोंदवही तर एकदा नव्या आवृत्तीने स्वतःच्या पद्धतीने मांडली की जुनी तिला ओळखत नाही. मूळ नोंदवही शिल्लक राहते खरी, परंतु त्यानंतर केलेले काम तिच्यात नसते. म्हणून काम पुरे झाले की त्याची टिफ किंवा जेपेग प्रत काढून ठेवावी. ती कोणत्याही कंपनीच्या परवानगीवाचून उघडते. आणि नवा कॅमेरा घेतला तर त्याच्या रॉ फाइली जुन्या फोटोशॉपला वाचता येत नाहीत, कारण सीएस-६ साठी नव्या कॅमेऱ्यांची ओळख २०१५ नंतर कोणी करून दिलेली नाही. ह्यावर उपाय खुद्द ॲडोबीनेच फुकट ठेवला आहे : डीएनजी कन्व्हर्टर. तो रॉ फाइलीचे डीएनजी ह्या नमुन्यात रूपांतर करतो आणि जुनी आवृत्ती ते वाचते. वेळ मोडतो, जागाही लागते, पण पैसा लागत नाही.

हिशेबाचे म्हणाल तर तो दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. सीएस-६ फोटोशॉप अमेरिकेत ६९९ डॉलरला होते आणि आधीची आवृत्ती असणाऱ्याला १९९ डॉलरला. महिना ९.९९ म्हणजे वर्षाला सुमारे १२० डॉलर. नव्याने धंद्यात पडणाऱ्याला ६९९ डॉलरमध्ये जवळजवळ सहा वर्षांचे भाडे निघत होते, शिवाय लाइटरूम वेगळे घ्यावे लागले नसते. त्याला वर्गणी फायद्याचीच होती. दर दोन वर्षांनी १९९ मोजून नवी आवृत्ती घेणाऱ्याला फरक थोडा. मार बसला तो एकदाच घेऊन आठ-दहा वर्षे ओढणाऱ्याला, आणि आपल्याकडचा बहुतेक छोटा स्टुडिओवाला हाच. त्यात त्याच्या कमाईचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थांबतात. चातुर्मासात गणपती-नवरात्राचे थोडे काम निघते, बाकी दुकानात बसून पाऊस पाहायचा. भाडे मात्र चातुर्मास पाळत नाही. पावसाळ्यापुरती वर्गणी थांबवू म्हणावे, तर वर्षाच्या कराराने दरमहा पैसे भरणाऱ्याला मध्येच सोडल्याबद्दल उरलेल्या रकमेचा निम्मा भाग दंड म्हणून लागू शकतो. हा दंड नीट सांगितला जात नाही आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवली आहे, असा दावा अमेरिकेच्या सरकारने २०२४ च्या जूनमध्ये कंपनीवर दाखल केला. सही करण्यापूर्वी करार वाचा, हे मी गेटसभेत तीस वर्षे सांगत आलो. संगणकावरच्या ‘मान्य आहे’ ह्या चौकोनालाही तेच लागू आहे.

कुलूप दूर असण्याचा आणखी एक अर्थ व्हेनेझुएलातल्या लोकांना २०१९ च्या ऑक्टोबरात कळला. अमेरिकन सरकारच्या आदेशाचा हवाला देऊन कंपनीने त्या देशातली सगळी खाती बंद करण्याचे जाहीर केले. सरकारकडून परवानगी मिळाल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला. तोवर तिथल्या कारागिरांनी काढलेल्या रात्री कशा असतील, ते टाळेबंदीची नोटीस वाचलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. अवजार आणि त्याची चावी वेगवेगळ्या हातांत असण्याची गोष्ट तशी नवी नाही. कोडॅक कंपनी कोडाक्रोम फिल्म अमेरिकेत विकताना धुण्याचे पैसे आधीच किमतीत घेत असे, म्हणजे फिल्म धुवायला तिच्याकडेच गेले पाहिजे. १९५४ साली कोर्टातल्या तडजोडीने ती सक्ती संपली.

एक गोष्ट टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे फोटोशॉप ७ च्या जितक्या प्रती नांदल्या, त्यांतल्या पुष्कळांचे पैसे कोणीच दिले नव्हते. चोरीच्या प्रतीवर कायम हक्क सांगता येत नाही. कंपनीने जाच केला म्हणून आपली चोरी न्याय्य ठरते, हा युक्तिवाद मला पटत नाही. रचणारे इंजिनीयरही पगारी माणसेच असतात. ज्याला पैसे द्यायचे नाहीत, त्याला सरळ रस्ता आहे. बर्कले विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये जिंप नावाचे सॉफ्टवेअर सुरू केले. ते फुकट आहे, कोणा एकाच्या मालकीचे नाही, आणि जगभरातले लोक ते मिळून सुधारत आले आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती निघाली. फोटोशॉपच्या फाइली ते उघडते, अगदी जशाच्या तशा नव्हे. हाताची सवय मोडायला महिना-दोन महिने लागतात, आणि त्यासाठी चातुर्मास बरा.

ऐकणाऱ्यांत स्टुडिओवाले थोडे आणि त्यांची गिऱ्हाइके अधिक आहेत, हे मी जाणतो. काचेच्या निगेटिव्हवरून शंभर वर्षांनीही छाप काढता येते; आपल्या मुलीच्या लग्नाची छायाचित्रे मात्र एखाद्या नोंदवहीत, कोणाच्या तरी चालू वर्गणीच्या आधारावर असतात. अल्बम ताब्यात घेताना छायाचित्रकाराकडून पूर्ण आकाराच्या जेपेग प्रती आणि जमल्यास मूळ रॉ फाइली मागून घ्या, आणि त्या दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापुरात शिरले, तेव्हा एकाच कपाटातले दोन्ही अल्बम बरोबरच भिजले होते. छायाचित्रकार त्यासाठी वेगळे पैसे मागेल तर द्या. तो त्याच्या कामाचा भाग आहे आणि त्याचेही भाडे चालू असते.