कूलंटच्या बाटलीत चहा दिसला, म्हणून लगेच हेड उतरवू नका

(या भागाचं लिखित रूप. बोलताना राहून गेलेले काही तपशील इथे भरलेत, आणि पाल्हाळ थोडं कापलंय. सगळं कापलं नाही.)

आज कोड नाही, सर्व्हर नाही. आज डिझेल पिकअप आणि तिचा गळका ऑइल कूलर.

झालं असं की माझे मामा नेवासा तालुक्यातून कांदा भरून पहाटे नेप्ती मार्केटला आले. पांढरीपुलाकडून नगरला येताना इमामपूरचा घाट लागतो. भरलेली गाडी तिथं चांगली तापते. मार्केटला गाडी खाली केली आणि मामा सावेडीला आमच्या घरी चहाला थांबले. सहज बॉनेट उघडलं, तर कूलंटच्या बाटलीतही चहाच. तपकिरी, साय धरलेला, कडेला तेलाचा तवंग. जवळच्या गॅरेजमधल्या एकाने बघितलं आणि उभ्या उभ्या निदान केलं: "हेड पॅकिंग गेलं. हेड उतरवून फेसिंग मारावं लागेल. ३०-३५ हजार धरा, आणि पाच-सहा दिवस गाडी उभी."

पाच-सहा दिवस गाडी उभी म्हणजे काय, हे कांदावाल्याला सांगायला नको. चाळीतल्या कांद्याला कोंब फुटायला लागलेले, भाव आज आहे तो परवा असेल याची खात्री नाही, आणि दुसऱ्याची गाडी भाड्याने लावायची तर पट्टीतले पैसे तिकडेच जाणार. मामा मला म्हणाले, "अरे, तू इंजिनियर ना? मग बघ की." मामांच्या हिशोबात लॅपटॉपवाला इंजिनियर आणि पान्यावाला इंजिनियर एकच. (हसू)

मग मी आमच्या कॉलनीतल्या एका काकांना बोलावलं. नागापूर एमआयडीसीत आयुष्यभर फिटर होते, आता निवृत्त. त्यांनी बाटलीत बोट बुडवलं, चोळलं, मग ऑइलची पट्टी काढून बघितली. पट्टीवरचं ऑइल काळं, स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. काका एवढंच म्हणाले, "ऑइल पाण्यात गेलंय, पाणी ऑइलमध्ये नाही. आधी कूलर बघू."

या एका वाक्यात सगळा विषय आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

इंजिनातलं ऑइल फक्त वंगण नसतं, ते उष्णताही वाहून नेतं. पिस्टनच्या खालून, बेअरिंगमधून, टर्बोमधून ते उष्णता उचलतं. पाणी साधारण ८५ ते ९५ डिग्रीवर चालतं, ऑइल त्याच्या वर, १०० ते १२०. त्याहून जास्त तापलं की ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगमधला थर टिकत नाही. म्हणून बऱ्याच पिकअपच्या इंजिनाला, बहुतेक ऑइल फिल्टरजवळ, एक छोटा डबा असतो. आत पातळ पत्र्यांच्या थप्प्या. एका थरातून ऑइल, शेजारच्या थरातून कूलंट, मध्ये फक्त पत्रा. ऑइल आपली उष्णता पाण्याला देतं, पाणी ती रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं. थंडीत सकाळी गाडी चालू केल्यावर उलटं होतं, कारण पाणी लवकर तापतं आणि तेच ऑइलला गरम करतं. नगरकरांनी शाळेच्या सहलीत टँक म्युझियम पाहिलेलं असतंच. त्या रणगाड्यांच्या इंजिनांनाही ऑइल थंड करायची सोय लागते, तिथे माप मोठं एवढंच.

आता तो मधला पत्रा फुटला, तर कोण कुणात शिरणार? ज्याचा दाब जास्त, तो दुसऱ्याच्या घरात शिरणार. गरम इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण २ ते ४ बार असतो. कूलंटचा दाब रेडिएटरच्या झाकणाने बांधलेला, १ बारच्या आसपास. म्हणजे गाडी चालू असताना ऑइल पाण्यात जातं. गाडी बंद केली की ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो, पण गरम पाण्याचा दाब बराच वेळ राहतो. मग वाट उलटी होते आणि पाणी ऑइलमध्ये झिरपू लागतं. भोक लहान असेल तर सुरुवातीला फक्त पाण्यात ऑइल दिसतं. मामांचं नेमकं तेच होतं.

यात धोका लपलाय. कूलंटच्या बाटलीतला चहा दिसायला भयंकर, पण त्याने इंजिन लगेच मरत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या चेंबरमध्ये पाणी उतरलं आणि सकाळी स्टार्टर मारला, तर मात्र बेअरिंग जातात. तेव्हा ३०-३५ हजार ही रक्कम स्वस्त वाटेल. म्हणून संशय आला की पूर्ण थंड झालेल्या इंजिनाचं झाकण हळूच सैल करून दाब सोडायचा. गरम असताना झाकणाला हातही लावू नका, तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. सकाळी चालू करण्याआधी चेंबरचा नट अगदी थोडा ढिला करून पहिले काही थेंब बघायचे. पाणी जड, ते तळाशी बसतं. आधी पाणी आलं तर गाडी चालू करायचीच नाही, टो करून न्यायची. आणि डॅशबोर्डच्या भरवशावर राहू नका. काटा पाण्याचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. ऑइलचा लाल दिवा तर दाब जवळजवळ संपल्यावर लागतो.

मग हेड पॅकिंग आणि कूलर यांतला फरक कसा ओळखायचा? सिलिंडरमध्ये स्फोटाच्या वेळी दाब १०० बारच्या पुढे जातो. तिथलं पॅकिंग गेलं तर तो वायू पाण्यात घुसणारच. म्हणून थंड इंजिनाचं झाकण काढायचं, पाणी काठापर्यंत भरायचं आणि गाडी चालू करायची. सतत बुडबुडे येत असतील, एक-दोन मिनिटांत, इंजिन तापायच्या आधीच होज पाइप दगडासारखे कडक होत असतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, सकाळी एखादा सिलिंडर मिस मारत असेल, तर संशय हेडवर. मामांच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. बुडबुडा नाही, धूर नाही, ओढायलाही गाडी ठणठणीत.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. हेड पॅकिंग फक्त ऑइलची वाट आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये फुटू शकतं, आणि तेव्हा बुडबुडे येत नाहीत. म्हणजे आमची चाचणी हा शंभर टक्के पुरावा नव्हता. पण कूलर काढणं अर्ध्या दिवसाचं काम, हेड उतरवणं आठवड्याचं. आम्ही बग शोधतानाही आधी तेच तपासतो जे तपासायला स्वस्त आहे. त्या गॅरेजवाल्याला मी मूर्ख म्हणणार नाही, चहा दिसला की दहापैकी बरेच मिस्त्री हेडच म्हणतात. पण उभ्या उभ्या, पट्टीही न काढता?

बाकी सल्ले बरेच आले. एकजण म्हणाला रेडिएटरमध्ये हळद टाका. बारीक गळतीला हळद टाकणारे ड्रायव्हर आपल्याकडे आहेतच, पण इथे ऑइल दाबाने आत येतंय, हळद काय थांबवणार? उलट रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतील. दुसरा म्हणाला कूलर बायपास करून टाका. रिकामी गाडी घरापर्यंत न्यायला जमलं तर जमलं, पण कांदा भरून घाट चढायचा असेल तर नको.

गाडी आमच्या घरासमोर सपाट जागेवर लावली, चाकांना दगड लावले, बॅटरीची मायनस वायर काढली. कूलंट आणि ऑइल वेगवेगळ्या घमेल्यांत काढलं. इथे एक सांगतो, कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री, गायी ते चाटतात आणि मरतात. घमेलं उघडं ठेवून चहाला जाऊ नका. आमच्या कॉलनीत कुत्री किती आहेत हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतंयच.

कूलरच्या झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. काकांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला, भोकं पाडली आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झालं, पण पॅकिंग दाबलं जात नाही आणि नवी गळती सुरू. हा पुठ्ठा मला फार आवडला. फोटो काढून ठेवण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

कूलर हातात आला. वरून काहीच दिसेना. काकांनी ऑइलच्या एका तोंडावर रबर आणि पट्टी बोल्टने आवळून बसवली, दुसऱ्या तोंडातून हवा दिली, रेग्युलेटर लावून फक्त ३ बार, आणि कूलर पाण्याच्या बादलीत बुडवला. काही नाही. मामांचा चेहरा पडला. माझाही. मग काका म्हणाले, "गार पाण्यात नाही कळायचं. गरम आण." गिझरचं कडकडीत पाणी ओतलं, दोन मिनिटं थांबलो, आणि पत्र्यांच्या मधून सोडा वॉटरसारखी बारीक बुडबुड्यांची रांग सुरू झाली. धातू तापून पसरल्यावरच ती चीर उघडत होती. हेडला हात लावायची गरज नव्हती.

चीर का पडली? पाण्याच्या बाजूला पांढरा खडक बसला होता, गिझरच्या कॉइलवर बसतो तसा. मामा दोन-तीन वर्षं कूलंट कमी झालं की शेतातल्या बोअरचं पाणी ओतत होते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. तापल्यावर त्यातला चुना गरम भिंतींवर बसतो, आणि कूलरचे पत्रे म्हणजे तशीच भिंत. वाटा अरुंद होतात, पत्रा एका जागी जास्त तापतो. वर कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होत जातात, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही पितो ते पाणी गाडीला चालत नाय व्हय?" नाही चालत, मामा.

जुना कूलर झाळून घेऊ नका. एक चीर बुजते, शेजारी दुसरी पडते. आम्ही नवीनच आणला, सोबत सगळी पॅकिंग आणि ओ-रिंग. हेडच्या अंदाजाच्या तुलनेत खर्च बराच कमी, सगळं मिळून पाव भागही नाही. जुनं पॅकिंग खरवडताना ऑइलच्या भोकांत स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर कचरा थेट बेअरिंगकडे जाईल. सिलिकॉन थापू नका. आत सुटलेला त्याचा तुकडा ऑइलची वाट अडवतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळायचे. अॅल्युमिनियमची आटी आहे, जोर दाखवायची जागा नाही.

गळती बाहेरून असेल, म्हणजे इंजिनाच्या बाजूला ऑइल आणि धुळीचा चिखल, तर बहुधा फक्त पॅकिंग किंवा ओ-रिंग गेलेली असते. पण आधी डिझेल आणि ब्रशने सगळं धुवा, कोरडं करा, वर पावडर मारा आणि गाडी चालू करून बघा. ऑइल वरून खाली आणि वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला डाग शोधायचा. टर्बोचा पाइप, टॅपेट कव्हर, अल्टरनेटरमागचा व्हॅक्यूम पंप, यांतलं कुणीही गळत असतं आणि नाव कूलरचं होतं.

खरी मेहनत नंतर होती. पाण्याच्या वाटांमधलं तेल काढणं. थर्मोस्टॅट काढून, पाण्यात कमी फेसाचं भांडी घासायचं लिक्विड टाकून, हीटर फुल ठेवून इंजिन गरम करायचं, थंड होऊ द्यायचं, काढायचं. परत. आम्ही सहा वेळा केलं, सहाव्यांदा पाणी बरं दिसलं. मग दोनदा साधं पाणी. तेलाने फुगून मऊ झालेले दोन होज पाइप बदलले, थर्मोस्टॅटही नवा टाकला. नवीन ऑइल, नवीन फिल्टर. पट्टीवर पाणी दिसलं असतं, तर आधी स्वस्त ऑइल भरून काही मिनिटं आयडलिंगला चालवून तेही काढून टाकलं असतं. शेवटी डीएम वॉटर आणि कूलंट अर्धं अर्धं, होज दाबत दाबत हळू भरलं, म्हणजे एअर राहत नाही. जुनं ऑइल डब्यात भरून जळकं ऑइल घेणाऱ्याकडे दिलं, गटारात नाही.

सगळं मिळून दोन दिवस गेले. नंतर पंधरा दिवस बाटलीच्या कडेला तेलाचं पुसट कडं येत होतं आणि मामांचे रोज फोन येत होते. ते आतल्या कोपऱ्यांत अडकलेलं जुनं तेल. कडं रोज कमी होत असेल तर घाबरायचं नाही, वाढत असेल तर परत बादली काढायची. मामांना मी रोज सकाळी बाटलीचा फोटो पाठवायला सांगितलं होतं. आता नेप्तीच्या चार खेपा झाल्यात, घाटासकट. परवाच्या फोटोत बाटली हिरवी, स्वच्छ, आणि मागे सीटखाली डीएम वॉटरचा पाच लिटरचा कॅन दिसत होता.