मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील कोडेतर योगदान

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या निर्मितीत आज्ञावली, म्हणजेच कोड, न लिहिता केलेल्या कामास कोडेतर योगदान म्हणता येते. भाषांतर, माहितीपुस्तिकांचे लेखन, चिन्हांचे आरेखन, चाचणी, दोषांची नोंद, वापरकर्त्यांना मदत आणि कार्यक्रमांचे आयोजन यांचा त्यात समावेश होतो. यांपैकी काही कामांनाच प्रताधिकाराचे संरक्षण मिळते; त्यामुळे श्रेयाचा प्रश्न केवळ कायद्याने सुटत नाही.

प्रताधिकार

प्रताधिकार कल्पनेला किंवा श्रमाला नव्हे, तर मूळ अभिव्यक्तीला मिळतो. भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. माहितीपुस्तिका हीदेखील साहित्यकृती, तर आरेखित चिन्ह कलाकृती ठरू शकते. भाषांतराची परवानगी मूळ प्रताधिकारधारकाने द्यावयाची असते. मुक्त परवान्यामुळे ती सर्वांना आधीच मिळालेली असते. भाषांतरकाराला आपल्या भाषांतरावर स्वतंत्र प्रताधिकार मिळू शकतो. मात्र ‘जतन करा’, ‘रद्द करा’ यांसारखे सुटे शब्द सहसा संरक्षणास पात्र ठरत नाहीत. दोष शोधणाऱ्या व्यक्तीला त्या दोषाच्या दुरुस्तीवर प्रताधिकार मिळत नाही.

हा फरक परवाना बदलताना जाणवतो. आधीच्या परवान्यात तशी मुभा नसल्यास प्रताधिकारधारकांची संमती घ्यावी लागते. चाचणी करणाऱ्यांची संमती कायद्याने आवश्यक नसते. अधिनियमाच्या कलम ५७ नुसार प्रताधिकार हस्तांतरित केल्यानंतरही लेखकाला कर्तृत्वाचा दावा करता येतो, परंतु हा हक्कही कृतीच्या कर्त्यापुरताच असतो.

श्रेयाच्या पद्धती

योगदानकर्त्यांची यादी अनेकदा कोडच्या इतिहासावरून आपोआप तयार होते. भाषांतराची फाइल दुसऱ्याने समाविष्ट केल्यास मूळ भाषांतरकाराचे नाव अशा यादीतून सुटू शकते. यावर प्रकल्पांनी वेगवेगळे उपाय योजले आहेत. लिनक्स कर्नलमध्ये बदलाच्या नोंदीत दोष कळवणाऱ्याचे व चाचणी करणाऱ्याचे नाव स्वतंत्र ओळींत देण्याची प्रथा आहे. ग्नोमच्या अनेक उपयोजनांत भाषांतरकारांच्या नावांसाठी राखीव जागा असते. मराठी भाषांतरकारांनी तेथे नावे भरल्यास ती मराठी आवृत्तीच्या माहिती-चौकटीत दिसतात. ‘ऑल कॉन्ट्रिब्युटर्स’ या पद्धतीत प्रत्येक नावापुढे योगदानाचा प्रकार चित्रचिन्हाने दर्शवला जातो.

निर्णयप्रक्रियेतील स्थान

नामोल्लेख आणि मतदानाचा हक्क या वेगळ्या बाबी आहेत. डेबियन प्रकल्पाने २०१० मध्ये मतदान घेऊन, पॅकेज न बनवणाऱ्या योगदानकर्त्यांनाही पूर्ण सदस्यत्व देण्याचे धोरण स्वीकारले. अशा सदस्यांना पॅकेज चढवण्याचा अधिकार नसला, तरी प्रकल्पाच्या निवडणुकांत व ठरावांवर मत देता येते.