शिरोरेषा तुटू देऊ नका



बोरिवली, अंधेरी, मुलुंड, आपल्या उपनगरांत फराळाच्या ऑर्डरी घ्यायला कुणी स्वतःचं वेबपान करते, कुणी वेब डिझाइन शिकून दुसरीला करून देते. त्या पानाचा पेहराव, म्हणजे रंग, अक्षर, अंतर, ठरतो ‘सीएसएस’मध्ये. १९९६ साली त्याची पहिली प्रमाण आवृत्ती आली. तयार मिळणारे बरेच नमुने इंग्रजीच्या मापाने बेतलेले असतात. तेच मराठीला चढवले की वाचणारी अडखळते आणि ऑर्डर न देताच पान बंद करते.

पहिली गोष्ट लेटर-स्पेसिंग. इंग्रजी मथळ्यात अक्षरं सुटी केलेली शोभतात. मराठीत मात्र शिरोरेषा तुटते आणि ‘चकली’चे तुकडे होतात! इथे शून्यच ठेवा.

दुसरी लाइन-हाइट, म्हणजे ओळींची उंची. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार. ओळी दाटल्या की वरच्या ‘तूप’चा उकार खालच्या ‘शेव’च्या मात्रेत अडकतो. १.६ पासून सुरुवात करा, मग फॉन्ट पाहून कमी-जास्त करा. बटणाची उंचीही पक्की बांधू नका, मात्रा कापली जाते.

तिसरी फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ मोफत मिळतो. घाटकोपरच्या गुजराती गिऱ्हाइकांसाठी त्याच घरातला ‘मुक्ता वाणी’ आहे. साधा आणि ठळक, दोनच प्रकार घ्या, म्हणजे पान जड होत नाही. ‘फॉन्ट-डिस्प्ले’पुढे ‘स्वॅप’ लिहा. मग लोकलमध्ये नेट रेंगाळलं, तरी फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्याच अक्षरात दर वाचता येतात.

आणि एचटीएमएलमध्ये भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा. पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी ओळखता येते. ज्या फॉन्टमध्ये सोय असते, तिथे ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात.

हे करून बघायला वेगळं साधन विकत घ्यायला नको. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पान उघडून एफ-१२ दाबा. बाजूला सीएसएस दिसेल. आकडे बदला, मोबाइलच्या रुंदीत पाहा. बदल फक्त तुमच्या पडद्यावर होतो, पान पुन्हा उघडलं की पूर्ववत. म्हणून बिनधास्त खेळा, आणि जमलेला आकडा मूळ फाइलमध्ये लिहायला विसरू नका.

शेवटी घरातल्या आजींच्या हाती फोन द्या. चकलीचा दर त्यांनी न अडखळता वाचला, की पान झालं समजा.